माळसांगवीची वकीलबाई

त्या वर्षी भाद्रपद सरता सरता नाशिकच्या आसपासच्या गावांची झोपच उडाली. आभाळात ड्रोन फिरतात, घरं हेरून ठेवतात आणि मागाहून चोर येतात, अशी हूल कुठून तरी उठली आणि बघता बघता गावोगाव पसरली. कुणी लाल दिवा पाहिला, कुणी हिरवा. पोरं काठ्या, शिट्ट्या, टॉर्च घेऊन फाट्याफाट्यावर बसू लागली. मोबाइलवर सारखे मेसेज येत होते. आज अमुक गावात शिरले, उद्या तुमच्याकडे येणार, सावध राहा. खरा चोर कुणाच्याच हाती लागला नाही. हाती लागली ती रस्त्याने जाणारी-येणारी माणसं. एका गावात ब्लँकेट विकणाऱ्याचा हात मोडला, दुसऱ्या गावात रस्ता चुकलेल्या टेम्पोवाल्याचे दात पाडले. एका ठिकाणी तर स्वतःशीच बडबडत फिरणाऱ्या वेड्याला विजेच्या खांबाला बांधून त्याचे व्हिडिओ काढले.

तेजल बोरस्तेचं ऑफिस नाशिकात द्वारकेच्या चौकाजवळ, बॅटऱ्यांच्या दुकानावरच्या खोलीत होतं. दहा-बारा वर्षांच्या वकिलीत तिच्याकडे यायचे ते पोटगीचे दावे, जमिनीच्या वाटण्या, अपघाताच्या भरपाया. पण ब्लँकेटवाल्याची बायको तिच्यासमोर येऊन बसली आणि तेव्हापासून तेजलच्या जिवाला स्वस्थता म्हणून उरली नाही. त्या बाईला घेऊन ती पोलीस ठाण्यात गेली, तर तिथला हवालदार पेन खाली ठेवून म्हणाला, "मॅडम, अहो गर्दी होती. गर्दीचं नाव काय लिहू?"

तिने कलेक्टर कचेरीत अर्ज दिले, पोलीस अधीक्षकांना दिले. ड्रोनची अफवा आहे हे गावोगाव जाऊन सांगा, मारणाऱ्यांवर गुन्हे नोंदवा, एवढंच तिचं मागणं होतं. उत्तर आलं की योग्य ती दखल घेण्यात येत आहे. मग ती स्वतःच स्कूटरवरून गावं फिरू लागली. रविवार असो, कोर्टाची सुट्टी असो, तिचा पाय घरात ठरत नव्हता. जेवायला बसली तरी ताटाशेजारी फोन पालथा ठेवायची आणि दर दोन घासांनी उलटा करून बघायची.

तिचं माहेर दिंडोरीच्या बाजूला, माळसांगवीला. द्राक्षबागांचं गाव. वडील गेल्यावर आई मालनबाई आणि धाकटा भाऊ दिनेश बाग बघत होते. तिथल्या ग्रामसभेतही तेजल बोलली. "संशय आला तर माणसाला बसवून ठेवा, पोलिसांना फोन करा. पण हात लावू नका. चोर असला तरी त्याला मारायचा अधिकार आपल्याला नाही."

पोरं हसली. रावजीकाकांचा रोहित, तिचा चुलतभाऊ, पुढेच बसला होता. तिच्या लग्नात करवला म्हणून मिरवला होता तो. तो म्हणाला, "ताई, पोलीस येईपर्यंत चोर थांबतो का गं? चहा पाजायचा का त्याला?"

"पाज. पण मारू नको."

सभा उठल्यावर मालनबाई तिला बाजूला घेऊन म्हणाल्या, "लोक तुला चोरांची वकील म्हणायला लागलेत. शहरात काय करायचं ते कर. गावात नको."

छाटणीचे दिवस सुरू झाले आणि एका सकाळी मालनबाईंचा फोन आला. "आज गावात येऊ नकोस."

"का?"

"पोलीस आलेत. चोर सापडला होता."

"सापडला होता म्हणजे?"

"मेला तो," आई म्हणाली.

तेजल तशीच उठून सिव्हिल हॉस्पिटलला गेली. शवागाराबाहेरच्या कट्ट्यावर एक तरुण बाई गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. शेजारी खांद्यावर टॉवेल टाकलेला म्हातारा उभा होता. बाईचं नाव ललिता, म्हातारा तिचा सासरा बुधा. हरसूलच्या पलीकडच्या पाड्यावरची ही माणसं. भात कापायला अजून अवकाश होता, तोवर छाटणीची मजुरी करावी म्हणून ललिताचा नवरा हिरामण पुढे निघाला होता. ती आणि पाड्यावरची बाकीची माणसं दुसऱ्या दिवशी निघणार होती. जीप वाटेत बिघडली, त्याला फाट्यावर पोचायला अंधार झाला आणि तिथून तो चालत निघाला.

"चोर नव्हता तो," ललिता म्हणाली. "त्याच्या पिशवीत छाटणीची कात्री होती. ती दाखवून म्हणतात, हत्यार होतं. दर वर्सी जातो आमी त्याच गावाला. दिनेशभाऊ बोरस्त्यांच्या बागेत."

तेजल कट्ट्यावर ललिताच्या शेजारी बसली. इथून उठून निघून जावं, दुसऱ्या कुणाला तरी फोन करावा, असं तिच्या मनात आलं. पण ती बोलली.

"दिनेश माझा भाऊ आहे."

बुधाने तिच्याकडे पाठ केली. ललिता मात्र तिच्याकडे टक लावून बघत राहिली. "मग तुला ठावं असंल, कोणी मारला."

"नाही. खरंच नाही. पण मी त्याच गावची आहे. मारणाऱ्यांत माझ्या घरचंही कुणी निघेल. म्हणून सांगते, तुमच्यासाठी दुसरा चांगला वकील बघून देते."

"सकाळपास्नं इथं बसलोय," ललिता म्हणाली. "दुसरं कोण आलं? तूच आली."

त्या दिवशी तेजल ठाण्यातून हलली नाही. सुरुवातीला आकस्मिक मृत्यू म्हणून कागद रंगवायला घेतला होता. ती म्हणाली, आकस्मिक काय आहे त्यात? माणूस जिन्यावरून पडला का? तिथल्या अधिकाऱ्याने दोनदा चहा मागवला, तिने दोन्ही वेळा तो परत पाठवला. शेवटी खुनाचं आणि अ‍ॅट्रॉसिटीचं कलम लागलं तेव्हाच ती उठली. फिर्यादीवर ललिताने अंगठा न उठवता, अक्षर जुळवत सही केली.

बाहेर आल्या आल्या तेजलने दिनेशला फोन लावला.

"हिरामण तुझ्याकडे येत होता?"

"बोलावलं होतं. कधी येणार ते मला माहीत नव्हतं, ताई."

"तू कुठे होतास?"

"घरी. झोपलो होतो."

"अख्खं गाव जागं आणि तू झोपला होतास?"

फोन कट झाला. पुन्हा लावला तर उचलला नाही.

दोन-चार दिवस पोलिसांना एकही साक्षीदार मिळाला नाही. माळसांगवीत ज्याला विचारावं तो म्हणे, आम्ही आवाज ऐकला, गेलो तेव्हा माणूस पडलेला होता. मग डोंगरातल्या माणसांचा मोर्चा नाशिकमध्ये उतरला. पेठ, सुरगाणा, हरसूल, सगळीकडून माणसं आली. रस्ते बंद झाले, टीव्हीवर बातमी झाली, मुंबईहून फोन आले. आता पोलिसांना आरोपी दाखवायचे होते, आणि लगेच दाखवायचे होते. गाड्या माळसांगवीत शिरल्या आणि चौकात, बागेत, पारावर जी पोरं सापडली ती भरून नेली. रोहितही त्यांत होता.

तिसऱ्या दिवशी रावजीकाका द्वारकेच्या ऑफिसचा जिना चढून आले. गावात त्यांच्या शब्दाशिवाय पान हलत नसे. पांढरी टोपी, इस्त्रीचा शर्ट, पण दाढीचे खुंट वाढलेले. ते खुर्चीत बसलेच नाहीत.

"तेजू, पोरांना अजून कोर्टात नेलं नाही. भेटू देत नाहीत. एक पोलीस आपल्या ओळखीचा आहे, तो म्हणाला रोहितला चालता येत नाही."

"चोवीस तासांच्या आत हजर करायला पाहिजे होतं."

"ते मला नको सांगू. तू चल."

"काका, मी रोहितचं वकीलपत्र घेऊ शकत नाही. मी हिरामणच्या बायकोची वकील आहे."

रावजीकाकांनी टोपी काढली आणि हातात धरली. त्यांना बोडक्या डोक्याने तिने कधी पाहिलं नव्हतं. "एकाही वकिलाने कागद हातात घेतला नाही. मोर्चाला घाबरतात. तू घरची पोर आहेस."

"त्याने मारलं का?" तेजलने विचारलं.

काका जिन्याकडे वळले.

ते गेल्यावर ती खोलीत येरझाऱ्या घालत राहिली. खाली कुणीतरी ट्रकवाल्याशी भांडत होतं. रोहितला चालता येत नाही, हे वाक्य मनातून जात नव्हतं. आणि त्याच्या मागोमाग हिरामणचा शवविच्छेदनाचा अहवाल डोळ्यांपुढे येत होता. तोही तिने अक्षर न् अक्षर वाचला होता. एकाची दया आली की दुसऱ्याची लाज वाटे. शेवटी तिने पोरांना ताबडतोब हजर करावं असा अर्ज कोर्टाच्या नावाने लिहिला, लगेच जाऊन दाखल केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ललिताला आणि बुधाला कोर्टाच्या आवारात गाठलं.

"आज पोरांना आणतील," ती म्हणाली. "त्यांना ठाण्यात मारलंय. मी ते कोर्टाला सांगणार आहे. तुम्हाला आधी कळावं म्हणून सांगते."

बुधाला आधी नीट समजलंच नाही. समजलं तसा तो तिच्या अंगावर ओरडला. "माझा पोरगा पाणी पाणी करत मेला. त्यांना दोन फटके बसले तर तुझ्या पोटात दुखतं?"

"बाबा, मारून घेतलेली कबुली कोर्टात उभी राहत नाही. उद्या सगळेच सुटतील."

"हे तू आता जोडलं. खरं सांग, भाऊ हाय ना तुझा त्यात?"

"चुलतभाऊ आहे," तेजल म्हणाली. "पण तो नसता तरी मी हेच केलं असतं."

"नसता ना!" बुधा म्हणाला. "पण हाय."

ललिता खाली मान घालून पदराच्या टोकाशी चाळा करत होती. ती हो म्हणाली नाही की नाही म्हणाली नाही.

पोरांना दुपारी आणलं. कोर्टात पाय ठेवायला जागा नव्हती. सरकारी मदतीतून मिळालेला एक नवखा वकील त्यांच्या बाजूने उभा होता. त्याने पोरांची तोंडंही धड पाहिली नव्हती. न्यायाधीश बाई होत्या. त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" पहिला नाही म्हणाला, दुसरा नाही म्हणाला. रोहित भिंतीचा आधार घेऊन उभा होता. त्यानेही मागे उभ्या असलेल्या अधिकाऱ्याकडे एकदा बघितलं आणि मान हलवली.

तेजल उठून उभी राहिली.

"मला काही सांगायचं आहे."

"आपण मूळ फिर्यादीतर्फे ना?" न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं.

"होय. आरोपींना कोठडीत मारहाण झाली आहे. वेळेत हजरही केलेलं नाही. त्यांची वैद्यकीय तपासणी व्हावी."

मागे कुजबुज उठली. कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "ही कुणाची वकील आहे?"

"शांतता राखा," न्यायाधीश म्हणाल्या. "मॅडम, आरोपी स्वतः तक्रार नाही म्हणतात."

"ते इथून पुन्हा त्याच ठाण्यात जाणार आहेत, म्हणून म्हणतात." तेजलने टेबलाची कड धरली. "माझ्या पक्षकाराच्या नवऱ्याला लोकांनी चौकशी न करता शिक्षा दिली. तेच काम आता ठाण्यात झालं आहे. यात गुन्हेगार असतील, त्यांना शिक्षा व्हावी म्हणूनच मी इथे उभी आहे. पण कोण गुन्हेगार, हे या कोर्टात ठरायचं आहे. एवढंच मला म्हणायचंय. त्यांचे तळवे पाहावेत, अशी विनंती आहे."

न्यायाधीशांनी रोहितकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "पुढे या. चपला काढा."

रोहितने भिंत सोडली आणि पहिलंच पाऊल टाकताना तो खाली बसला. त्याचे तळवे पिकल्या जांभळासारखे झाले होते. तेजलला त्याच्याकडे बघवेना. पण तिने नजर वळवली ती नेमकी ललितावर गेली, आणि ललिता त्या तळव्यांकडे बघत होती.

तपासणीचा हुकूम झाला. पोलिसांकडून खुलासा मागवला गेला. तपास दुसऱ्या अधिकाऱ्याकडे गेला आणि त्या चौकशीत निघालं की धरून आणलेल्यांतले कितीतरी त्या रात्री माळसांगवीत नव्हतेच. एक पोरगा तर एकलहऱ्याला पॉवर स्टेशनमध्ये ठेकेदाराकडे रात्रपाळीला होता, त्याची हजेरी लागलेली होती. ती पोरं सुटली. रोहित आणि आणखी तिघं आत राहिले, पण त्यांच्याविरुद्धही हातात काही नव्हतं. कबुलीजबाब तर निकामीच झाले होते.

हे व्हायच्या आधीच, तळवे दाखवले त्याच दुपारी, कोर्टाबाहेर तेजलला लोकांनी घेरलं. मोर्चातली पोरं होती. गद्दार, विकली गेली, जातीवर गेली. कुणीतरी तिच्या हातातली फाइल हिसकली, कागद रस्त्यावर उडाले. एका धक्क्याने ती फाटकावर आपटली आणि तिचं कोपर फुटलं. बुधा चार पावलांवर उभा होता. त्याने तिला मारलं नाही आणि सोडवलंही नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या पाटीवर काळं फासलेलं होतं. खालच्या बॅटरीवाल्याने रॉकेलचा बोळा आणून पाटी पुसली आणि हळूच म्हणाला, "मॅडम, थोडे दिवस ऑफिस बंद ठेवता का? गिऱ्हाईक घाबरतं."

पण तिच्या जिव्हारी लागलं ते वेगळंच. संध्याकाळी रावजीकाकांनी एका माणसाबरोबर पेढे पाठवले. निरोप होता: घरची पोर शेवटी घरच्यांच्या कामाला आली.

पेढ्यांचा पुडा तसाच स्कूटरला अडकवून ती सकाळी माळसांगवीला गेली. बागांमध्ये शुकशुकाट होता. एरवी या दिवसांत डोंगरातल्या मजुरांची पालं पडलेली असत, बागेतून हाका ऐकू येत. यंदा एकही टोळी गावात फिरकली नव्हती. रावजीकाका ओट्यावर बसले होते. तिने पुडा त्यांच्यासमोर ठेवला.

"हे तुमच्यासाठी केलं नाही काका. रोहितला मारायला नको होतं, म्हणून बोलले. त्याने हिरामणला मारलं असेल तर त्याला जन्मठेप मागणारी मीच असेन."

काकूने आतून दार लावून घेतलं. काका एवढंच म्हणाले, "मग आता या दारात येऊ नकोस."

ती घरी आली. मालनबाईंनी तिच्या कोपराला हळद लावली आणि लावता लावता म्हणाल्या, "तुझा भाऊ जेवत नाही. बागेत जाऊन बसतो नुसता. तू विचार त्याला. माझ्याच्याने होत नाही."

दिनेश बागेत एकटाच छाटणी करत होता. एका ओळीतल्या चार वेली झाल्या होत्या, बाकी अख्खी बाग तशीच रानटी वाढलेली. तिला बघून तो थांबला नाही. कात्री चालवत राहिला, फांदी तुटायची तिथे तुटत नव्हती, फुटीचा डोळा सोडून भलतीकडेच कात्री लागत होती.

"बाग खराब करशील," तेजल म्हणाली.

"होऊ दे." मग तो तिथेच ढेकळांवर बसला. "ताई, मी झोपलो नव्हतो."

ती त्याच्यासमोर बसली.

"शिट्ट्या वाजल्या तसा गेलो मी. फाट्यापाशी गर्दी. मधे माणूस. टॉर्चचे झोत सगळे त्याच्या तोंडावर, मला मागून काही दिसेना. त्याला बोलता येईना, भीतीने त्याची डोंगरातली बोली सुटली, पोरं म्हणाली ही कुठली भाषा, परका आहे हा. मग तो ओरडला. दिनेशभाऊ, दिनेशभाऊ. माझं नाव घेऊन."

"मग?"

"मी म्हणालो, थांबा रे, मला बघू द्या. एकदाच म्हणालो. रोहित वळला, त्याच्या हातात पहार होती. म्हणाला, तुझा कोण आहे हा? तूच बोलावलंस का चोरांना? सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मी..." त्याने कात्री मातीत खुपसली. "मी मागे सरलो. घरी आलो, कडी लावली. त्याचा आवाज येत होता, बराच वेळ येत होता. आई विचारत होती काय चाललंय, मी म्हणालो काही नाही."

तेजलला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली आणि त्याच वेळी त्याला कुशीत घ्यावंसंही वाटलं. तिने दोन्ही केलं नाही. फक्त म्हणाली, "कोण कोण होतं, सांगशील का?"

"तुला सांगितलं ना."

"मला नाही. कोर्टात."

"रोहित आपल्या घरचा आहे ताई. मला याच गावात राहायचंय. कालव्याचं पाणी काकांच्या हद्दीतून येतं."

"माहीत आहे मला. मी जबरदस्ती करणार नाही. आणि तू साक्ष दिलीस तर तुलाही विचारतील, तू का नाही थांबवलंस. ते विचारायचं काम कदाचित मलाच करावं लागेल."

तिने पँटची माती झटकली आणि ती निघाली. वाटेत तिला दोनदा स्कूटर थांबवावी लागली, समोरचा रस्ताच दिसेना म्हणून. हा येणार नाही, याची तिने खूणगाठ बांधली.

आठवडाभराने तो मालनबाईंना घेऊन नाशिकला आला. तेजलने त्याला एकही शब्द शिकवला नाही, नव्या तपास अधिकाऱ्याकडे नेऊन सोडलं आणि ती बाहेर उभी राहिली. पुढे न्यायाधीशांसमोर बंद खोलीत त्याचा जबाब झाला. आत जाताना तो मालनबाईंच्या पाया पडला. बाहेर आला तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. "सगळं सांगितलं," तो म्हणाला. "मी मागे सरलो तेही."

त्या जबाबावर रोहितचा आणि तिघांचा जामीन फेटाळला गेला. रोहितला व्हॅनकडे नेत असताना तो तेजलजवळून गेला. आता त्याला नीट चालता येत होतं. "ताई," एवढंच तो म्हणाला आणि व्हॅनमध्ये चढला. माळसांगवीत बोरस्त्यांच्या दोन घरांतलं येणं-जाणं तुटलं. कालव्याचं पाणी बंद झालं, दिनेशने टँकर लावला, तोही परवडेना तेव्हा अर्धी बाग सोडून दिली. बुधाने दुसरा वकील बघायचं ठरवलंय, असं तेजलच्या कानावर आलं. ललिता ना भेटायला आली, ना तिने फोन केला. वकीलपत्र मात्र अजून तेजलच्याच नावावर होतं. का, ते तिला कळत नव्हतं, आणि विचारायचा धीरही होत नव्हता.

ड्रोनची हूल तोवर मैदानातल्या गावांत विझली होती. पण ती विझता विझता डोंगर चढून गेली. आता तिकडे मेसेज फिरू लागले की पोरं पळवणारे आलेत.

हरसूलच्या बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, ललिताचा फोन आला. मागे इतका गोंगाट होता की तेजलला आधी काही कळेना.

"भांडीवाला हाय एक... लोक म्हणतात पोरं धरायला आला... मी त्याला दुकानात घातला... दारात उभी हाय मी. ऐकते ना? लोक लय तापलेत. पोलिसांना सांग. तू पण ये."

तेजलने जिना उतरता उतरताच नियंत्रण कक्षाला फोन लावला, ठाण्याला लावला, ओळखीच्या पत्रकाराला लावला. त्र्यंबकच्या रस्त्याने ती गाडी हाणत राहिली. पुढे घाटाची वळणं लागली, रेंज गेली. ललिताचा फोन लागेना. हिरामणचा अहवाल तिला शब्दाशब्दाने आठवू लागला, आणि त्यात नाव मात्र ललिताचं दिसू लागलं.

ती पोचली तेव्हा पोलिसांची जीप नुकतीच येऊन थांबली होती. बाजार अर्धा उधळलेला, मिरच्यांचे ढीग तुडवलेले. एका दुकानाचं शटर निम्मं खाली ओढलेलं आणि त्याच्यासमोर ललिता दोन्ही हात पसरून उभी. तिच्या कपाळावर टेंगूळ आलं होतं, बाहीचा शिवणीतून उसवलेला तुकडा लोंबत होता. तिच्या शेजारी, गर्दीकडे तोंड करून, काठी आडवी धरून बुधा उभा होता. तो घसा फुटेपर्यंत ओरडत होता, "कोणी पुढं येयाचं नाय! इच्यारा त्याला, नाव इच्यारा, गाव इच्यारा! मग बोला!"

पोलिसांनी भांडीवाल्याला बाहेर काढलं. त्याच्या नाकातून रक्त येत होतं, ललिता पोचायच्या आधीच दोन-चार जणांनी हात साफ करून घेतले होते. पण तो आपल्या पायांनी चालत जीपमध्ये बसला. गर्दी पांगायला तयार नव्हती. एक बाई अजूनही ओरडत होती की पोरं गेल्यावर पोलीस देणार आहेत का परत. पोलिसांनी तिलाही जीपपाशी बोलावून घेतलं, तिचं म्हणणं लिहून घ्यायला सुरुवात केली.

बुधा तेजलकडे आला नाही. काठी टेकून तो बाजाराच्या टोकाला जाऊन बसला आणि टॉवेलने तोंड पुसत राहिला. तेजल ललितापाशी गेली.

"लागलं का फार?"

"नाय." ललिताने कपाळाला हात लावून पाहिला. "म्हातारा अजून तुझ्यावर चिडलाय. मी पण चिडलेय. त्या पोराचे पाय बघितले ना, तवापास्नं मला नीट झोप नाय. रागही धड येऊ देत नाय तू."

तेजलने आपला रुमाल तिच्यापुढे केला.

"इथं लोकांनी त्याला धरला," ललिता जीपकडे बघत म्हणाली, "तवा तो सारखा कुणाचं तरी नाव घेत होता. त्याच्या कुणाचं तरी. मला ऐकवलं नाय."

जीप सुरू झाली. तिच्यामागे पोरं थोडी धावली आणि थांबली. ललिताने पदर खोचला, सांडलेल्या नागलीची आपली पिशवी शोधून काढली, आणि जायला वळता वळता विचारलं,

"आपल्या केसची पुढची तारीख कधी हाय?"